विद्यापीठाचे नाव आणि विद्यार्थ्याचे दिवस

एप्रिल महिन्यातील एका रविवारी सकाळी माझे एक जुने स्नेही घरी आले. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत पेढी आहे आणि माझ्या बँकेतील नोकरीच्या काळापासून आमचा परिचय आहे. त्यांच्या हातात दोन छापील पत्रे होती. नातीला बारावीनंतरच्या पदवी शिक्षणासाठी अमेरिकेतील दोन विद्यापीठांनी प्रवेश देऊ केला होता. एक न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया, दुसरे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहरातील येल. १ मेपूर्वी होकार कळवायचा होता.

“साहेब, तुम्ही आयुष्यभर शैक्षणिक कर्जे मंजूर केलीत. या दोहोंतले वरचे कोणते, तेवढे सांगा,” ते म्हणाले. मुलाने इंटरनेटवरून जागतिक क्रमवारीच्या तीन याद्या काढल्या होत्या. परंतु प्रत्येक यादी निराळे सांगत होती. सुनेचा कल न्यूयॉर्ककडे होता, कारण तिची बहीण तेथे राहते आणि बहिणीचे यजमान हिऱ्यांच्या व्यापारात आहेत. मी विचारले, “शेठजी, नात काय म्हणते?” ते सहजपणे उत्तरले, “तिला काय विचारायचे? ती दोन्हीकडे जायला तयार आहे.”

हे वाक्य ऐकले आणि मला सुमारे वीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला.

मी त्या वेळी शाखाधिकारी होतो. एका लोखंड व्यापाऱ्याचा हुशार मुलगा एम. एस. करण्यासाठी अमेरिकेतील एका अतिशय नामवंत विद्यापीठात निघाला होता. प्रवेशपत्र, फीचा तपशील, वडिलांची विवरणपत्रे, तारण म्हणून गोदामाचे कागद; सारे चोख होते. मी स्वतः शिफारस लिहिली आणि कर्ज मंजूर झाले. दुसरा हिवाळा संपण्यापूर्वीच मुलगा पदवी अर्धवट टाकून परत आला. कर्ज वडिलांनी दुकानातून फेडले. बँकेचा एक रुपयाही बुडाला नाही. आमच्या लेखी ते खाते उत्तम ठरले. पुढे दोन वर्षांनी तो मुलगा एका लग्नात भेटला. मी भीतभीतच विचारले. तो म्हणाला, “काका, अभ्यास जड नव्हता. साडेचारला अंधार पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाईपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नसे. कर्ज काढून पाठवले होते, म्हणून घरी सांगवत नव्हते.”

बँकेच्या अर्जात संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, फी, तारण आणि जामीनदार यांसाठी रकाने होते. हा मुलगा तेथे कोठे राहणार, कोणाबरोबर जेवणार, त्याची संध्याकाळ कशी जाणार, यासाठी रकाना नव्हता. मीही विचारले नाही. म्हणून या वेळच्या सदरात क्रमवारी बाजूला ठेवून, जगातील काही अग्रगण्य विद्यापीठांत विद्यार्थ्याचे रोजचे जीवन आणि भोवतालचा परिसर कसा असतो, यांची तुलना मांडावी असे ठरवले.

एका दानशूराची दूरदृष्टी

प्रारंभ हार्वर्ड आणि येलपासून करू. हार्वर्डची स्थापना १६३६ ची, येलची १७०१ ची. येलच्या नावाचा संबंध आपल्या देशाशी आहे. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर. खासगी व्यापारातील गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे त्याचे पद गेले, तरी त्याची संपत्ती टिकून राहिली. १७१८ मध्ये त्याने त्या लहानशा महाविद्यालयाला मालाचे नऊ गठ्ठे, काही ग्रंथ आणि राजाचे एक चित्र पाठवले. माल विकून जी रक्कम उभी राहिली तिच्या कृतज्ञतेपोटी संस्थेला त्याचे नाव मिळाले. व्यापारी घराण्यांतील वाचकांना हा सौदा स्वस्तातला वाटल्यास नवल नाही!

परंतु या दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थी जीवनाला आजचे रूप दिले ते एडवर्ड हार्कनेस या दुसऱ्याच धनिकाने. त्याच्या वडिलांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीत प्रारंभीच पैसा गुंतवला होता. हार्कनेस स्वतः येलचा विद्यार्थी, स्वभावाने बुजरा. निवडक मंडळींच्या क्लबांत ज्याला स्थान नाही अशा सामान्य विद्यार्थ्याचे काय, ही चिंता त्याला होती असे सांगतात. त्याने प्रथम येलला देणगी देऊ केली. येलने विचार करण्यात वेळ घालवला. तेव्हा १९२८ मध्ये तो हार्वर्डकडे गेला आणि त्यांनी तत्काळ होकार दिला. १९३० पासून हार्वर्डमध्ये ‘हाउस’ उभी राहू लागली. येलनेही मागाहून देणगी स्वीकारली आणि १९३३ मध्ये तेथे ‘निवासी महाविद्यालये’ सुरू झाली.

ही व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. हजारो विद्यार्थ्यांचे विद्यापीठ काही मोठ्या घरांत विभागायचे. प्रत्येक घराला स्वतःचा चौक, भोजनगृह, ग्रंथालय आणि तेथेच कुटुंबासह राहणारे प्राध्यापक. येलमध्ये आज अशी १४ महाविद्यालये आहेत. गावी पाऊल ठेवण्यापूर्वीच विद्यार्थ्याला आपले महाविद्यालय कळते, आणि पहिल्या वर्षी बहुतेक जण जुन्या आवारात एकत्र राहत असले तरी ते नाते चारही वर्षे टिकते. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाचे सर्व विद्यार्थी मध्यवर्ती प्रांगणात व त्याच्या आसपास राहतात आणि अॅनेनबर्ग या भव्य सभागृहातील लांबच लांब लाकडी मेजांवर एकत्र जेवतात. वर्षाअखेरीस चिठ्ठ्या टाकून त्यांना १२ घरांत वाटले जाते. पूर्वी विद्यार्थ्यांच्या पसंतीला वाव होता. त्यामुळे खेळाडूंचे एक घर, कलावंतांचे दुसरे, असे कप्पे पडू लागले. म्हणून १९९६ पासून वाटप पूर्णपणे चिठ्ठीवर आले. मोजक्या मित्रांचा गट एकत्र राहू शकतो; मात्र घर कोणते, हे नशिबावर.

हार्वर्ड ज्या केंब्रिज गावात आहे ते बॉस्टनला चार्ल्स नदीच्या पुलांनी आणि मेट्रोने जोडलेले. दोन स्थानके ओलांडली की एम. आय. टी. येते. त्यामुळे सारे गावच विद्यार्थ्यांचे वाटते. गोव्यात जन्मलेले पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबी संशोधनासाठी तेथे गेले आणि त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. न्यू हेवनचे स्वरूप वेगळे. ते मध्यम आकाराचे जुने औद्योगिक शहर. कारखाने गेले, गरिबी राहिली, आणि तिच्याच मध्यभागी गॉथिक शैलीतील हे श्रीमंत विद्यापीठ. चौकाच्या आतील जीवन अत्यंत उबदार, बाहेर रात्री फिरताना भान ठेवावे लागते. न्यूयॉर्क रेल्वेने सुमारे दोन तासांवर.

लहान गाव, मोठे शहर

प्रिन्स्टन हे न्यूयॉर्कपासून सुमारे ८० किलोमीटरवरील शांत, सुबक गाव. १७४६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात वैद्यक, कायदा किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची महाविद्यालये नाहीत. त्यामुळे प्राध्यापकांचे लक्ष पदवीच्या विद्यार्थ्यांवर अधिक. विद्यापीठाच्या पायथ्याशी ‘डिंकी’ नावाची इवलीशी गाडी येते, ती जेमतेम पाच मिनिटांत मुख्य लोहमार्गावर नेऊन सोडते. एकाग्रतेने अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणे कठीण.

तथापि तेथील एक प्रथा आपल्या पालकांनी जाणून घ्यावी. पहिली दोन वर्षे निवासी महाविद्यालयात काढल्यावर बरेचसे विद्यार्थी प्रॉस्पेक्ट अॅव्हेन्यूवरील भोजन-क्लबांचे सदस्य होतात. असे ११ क्लब आहेत. काहींमध्ये नाव नोंदवले की प्रवेश मिळतो. काहींमध्ये मात्र जुने सदस्य मुलाखती घेऊन कोणाला आपल्या पंक्तीत बसवायचे ते ठरवतात. वूड्रो विल्सन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यापूर्वी ते या विद्यापीठाचे प्रमुख असताना, १९०७ मध्ये त्यांनी हे क्लब मोडून सर्वांना समान निवास देण्याची योजना मांडली होती. माजी विद्यार्थ्यांच्या विरोधापुढे ती टिकली नाही. वीस वर्षांच्या मुलाला पंक्तीतून नाकारले जाणे ही साधी गोष्ट नव्हे. पर्याय आहेत, विद्यापीठाचे भोजनगृह आहे. परंतु तो प्रसंग येणार हे घरच्यांना ठाऊक असावे.

कोलंबिया याच्या अगदी उलट टोकाला. मॅनहॅटनच्या उत्तर भागातील अवघ्या ३६ एकरांचे मुख्य आवार. फाटकाबाहेर पाऊल टाकले की ब्रॉडवे आणि ११६ व्या रस्त्याचे भुयारी स्थानक. पदवीच्या विद्यार्थ्यांना चारही वर्षे वसतिगृहाची हमी असते, पण संध्याकाळी शहर प्रत्येकाला आपापल्या दिशेने ओढून नेते. संग्रहालये, नाटके, वित्तसंस्थांतील उमेदवारी सारे दाराशी, एकटेपणाही दाराशीच. या विखुरण्यावर कोलंबियाने शोधलेला उपाय वर्गात आहे. १९१९ पासून तेथे ‘गाभा अभ्यासक्रम’ चालतो. विषय कोणताही असो, प्रत्येकाला तत्त्वज्ञान व वाङ्मयातील तेच मूलभूत ग्रंथ वाचावे लागतात आणि वीस-बावीस जणांच्या वर्गात त्यांवर वर्षभर चर्चा होते.

कोलंबियाचे नाव निघाले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये तेथे पोहोचले. थोर पुरुषाच्या चरित्रातील एक लहानसा तपशील आपण सहसा वाचून पुढे जातो. ते प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले, थोड्याच दिवसांत तेथून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली. ग्रंथालयात तासन् तास बसणाऱ्या बाबासाहेबांनाही प्रथम राहण्याची जागा बदलावी लागली आणि सोबती शोधावा लागला. मग आपल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींनी जागेची व सोबतीची चिंता केली, तर तो त्यांचा दुबळेपणा कसा म्हणावा?

विस्तीर्ण आवार आणि आठ आठवड्यांचे सत्र

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डची गोष्ट शोकातून सुरू होते. लेलँड स्टॅनफर्ड हे एके काळी दुकानदार होते. सोन्याच्या खाणीवरील कामगारांना माल पुरवत त्यांनी जम बसवला, पुढे रेल्वेत अफाट पैसा मिळवला. १८८४ मध्ये त्यांचा एकुलता पंधरा वर्षांचा मुलगा विषमज्वराने गेला. त्याच्या नावाने त्या दांपत्याने १८८५ मध्ये हे विद्यापीठ स्थापले. आवार ८,१८० एकरांचे. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे आहे. म्हणजे जवळजवळ वीसपट. सायकलीशिवाय तेथे चालतच नाही. आकाश बहुधा निरभ्र, बर्फ नाही, भोवताली संगणक उद्योगाची राजधानी.

एवढ्या प्रसन्न वातावरणातही एक शब्दप्रयोग तेथे रूढ झाला आहे: ‘बदकाचा आजार’. पाण्यावर बदक संथ, प्रसन्न दिसते. पाण्याखाली त्याचे पाय जिवाच्या आकांताने हलत असतात. दहा आठवड्यांचे सत्र, लगेच परीक्षा, लगेच पुढचे सत्र. आणि सगळेच हसतमुख दिसत असल्याने आपणच एकटे धडपडतो आहोत असे प्रत्येकाला वाटते. सूर्यप्रकाशातही मूल एकाकी होऊ शकते, हे लक्षात घ्यावे.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व केंब्रिज हे या साऱ्या निवासी कल्पनेचे माहेर. तेथे विद्यार्थी प्रथम आपल्या महाविद्यालयाचा असतो, मग विद्यापीठाचा. केंब्रिजमध्ये अशी ३१ महाविद्यालये आहेत. दर आठवड्याला एक ते तीन विद्यार्थ्यांनी अध्यापकासमोर बसून आपल्या निबंधाची वा गणितांची चिकित्सा ऐकायची, ही तेथील शिक्षणाची खरी रीत. पाठ न करता आलेल्याला मागच्या बाकावर लपता येत नाही, कारण मागचा बाकच नाही! मुख्य सत्र आठ आठवड्यांचे आणि वर्षात अशी तीन. सत्र चालू असताना नोकरी करू नये अशीच अपेक्षा असते. सुट्टीत पुष्कळ ठिकाणी खोली रिकामी करावी लागते, तेव्हा परदेशी मुलाने जायचे कोठे, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत दोन वर्षे निरनिराळे विषय चाखून मग मुख्य विषय निवडता येतो. इंग्लंडमध्ये विषय अर्ज करतानाच ठरतो. मन निश्चित नसलेल्या मुलासाठी हा भेद क्रमवारीहून महत्त्वाचा आहे. मराठी माणसाची या गावाशी ओळख जुनी आहे: १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ परांजपे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख आणि आपल्या आत्मकथेत केंब्रिजला चार नगरांपैकी एक मानणारे जयंत नारळीकर.

एम. एस. करणाऱ्यांचे काय?

वरील घरे, चौक आणि लांब मेजे यांची वर्णने वाचून पालक हुरळून जातात. परंतु एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेत ही व्यवस्था मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्या घरांतील बहुतेक मुले पदव्युत्तर शिक्षणाला जातात. त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या खोल्या मर्यादित, आणि बरेच जण गावात भाड्याची जागा घेतात. स्वतः शोधायचे, स्वतः शिजवायचे, स्वतः बिले भरायची. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मात्र पदव्युत्तर विद्यार्थीही कोणत्या तरी महाविद्यालयाचा सदस्य असतो. विद्यापीठाचे नाव तेच, पण पदवीच्या विद्यार्थ्याचे दिवस निराळे आणि एम. एस. करणाऱ्याचे निराळे. मी ज्या मुलाचे कर्ज मंजूर केले तो याच दुसऱ्या गटातील होता. हे मला त्या वेळी ठाऊक असते तर निदान दोन प्रश्न विचारले असते.

ताट, ऋतू आणि ताळेबंद

आपल्या घरांतला पहिला प्रश्न भोजनाचा. शुद्ध शाकाहार आता या कोणत्याही विद्यापीठात अडचणीचा नाही. पदार्थांवर तशा खुणा असतात. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याला मात्र प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा लागतो. काही ठिकाणी विद्यार्थी पाळीपाळीने स्वयंपाक करून सहकारी तत्त्वावर एकत्र जेवतात. प्रिन्स्टनमध्ये असे एक शाकाहारी सहकारी स्वयंपाकघर आहे, आणि स्टॅनफर्डमध्ये ‘कोलंबे’ नावाचे घर अहिंसेच्या विचाराभोवती उभे राहिले. आपल्या मुलांनी अशा जागा अवश्य शोधाव्यात, कारण भाजी चिरताना जी ओळख होते ती वर्गात होत नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असणाऱ्यांनी तर पंचांगच पाहावे. बॉस्टनमध्ये डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री सव्वाआठनंतर. ऑक्सफर्डला डिसेंबरात चारच्या आत अंधार. लखलखीत उन्हात वाढलेल्या मुलाच्या मनावर या काळोखाचा परिणाम होतो. हा आळस नव्हे, अभ्यासाचा कंटाळाही नव्हे. जाड कोट जसा आठवणीने घेऊन देतो, तसे हेही आठवणीने सांगून ठेवावे.

आता खर्च, कारण त्याशिवाय माझे सदर पुरे होत नाही. अमेरिकेतील या विद्यापीठांत फी, निवास व भोजन धरून पदवीच्या एका वर्षाचा पूर्ण खर्च सुमारे ९० हजार डॉलर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून अधिक होतो. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेशानंतर गरजेनुसार साहाय्य करतात. कोलंबिया व स्टॅनफर्ड परदेशी अर्जदाराला मदतीची गरज आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारात घेतात. साहाय्याच्या अर्जात दुकानाचा ताळेबंदही मागितला जातो. तेथे एक आणि आयकर विवरणात दुसरे, असे आकडे देण्याचा मोह टाळावा; मुलाच्या प्रवेशालाच धक्का लागू शकतो.

कर्जाविषयी एकच हिशेब सांगतो. ५० लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले आणि सर्व रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे धरले, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरची एक वर्षाची सवलत मिळून साधे व्याजच १५ लाख होते. हा आकडा मुलाला ठाऊक असतो. म्हणूनच तो फोनवर “सगळे ठीक आहे” असे म्हणतो. कर्ज घेण्यात गैर काही नाही. मी जन्मभर तेच काम केले. परंतु मुलाला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, “तेथे जमले नाही तर परत ये. पेढी तेवढा तोटा सोसेल, तुला सोसायला लावणार नाही.” हे वाक्य कोणत्याही तारणापेक्षा मोलाचे आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होते

हार्कनेसने १९२८ मध्ये जे केले ते आपल्याकडे अगोदरच चालू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. त्यांत जैन बोर्डिंगही होते. त्याच काळातील कोल्हापूरच्या वसतिगृहात राहिलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका चुलीवर शिजवून एका पंक्तीत जेवायला बसवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. शाळा कोणती, याआधी मूल राहणार कोठे, हे आपल्या व्यापारी पूर्वजांनी ओळखले होते. म्हणूनच गावोगावी बोर्डिंगांसाठी देणग्या दिल्या गेल्या.

मी स्वतः एम. कॉम. करताना अशाच एका बोर्डिंगात दोन वर्षे काढली. खोलीत चार खाटा, चार पत्र्याच्या पेट्या आणि एक दिवा. दिवेलागणीपूर्वी जेवण आटोपून आम्ही ओसरीवर बसत असू. लेखाशास्त्र मी प्राध्यापकांकडून शिकलो; परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री ताप चढला असता शेजारच्या खाटेवरील मित्राने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ते आजही आठवते. प्राध्यापकांची नावे आठवायला मात्र विचार करावा लागतो.

नातीचे उत्तर

त्या रविवारी मी स्नेह्यांना म्हणालो, “शेठजी, सौद्याच्या वेळी तुम्ही पोत्यावरचा मार्का पाहून हळदीचा भाव ठरवता की हळकुंड मोडून आतला रंग पाहता?” ते हसले. मी कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. तेथे शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना नातीने स्वतः फोन करावा, घरच्यांनी नव्हे, आणि विचारावे: चारही वर्षे निवासाची हमी आहे का? रात्रीचे जेवण तुम्ही कोणाबरोबर घेता? फेब्रुवारीतला रविवार कसा जातो? आजारी पडलात तेव्हा कोण आले? आणि मन उदास झाले तर बोलायला कोठे जाता?

माझा मनातील कौल येलला होता. एकत्र कुटुंबात चौदा माणसांमध्ये वाढलेली मुलगी. तिला चौक, मेज आणि घरपण असलेली जागा मानवेल असे मला वाटे. पंधरा दिवसांनी ती आजोबांबरोबर आली. तिने कोलंबिया निवडले होते. मावशीमुळे नव्हे, यादीमुळेही नव्हे. ती म्हणाली, “आजोबा, घरात मला कधीच एकटे राहता आले नाही. मला थोडे एकटे चालून पाहायचे आहे. पण रोज कोणाशी तरी बोलणे हवे, म्हणून तिथला तो बावीस जणांचा वर्ग. फोनवर बोललेल्या ताईंची सगळ्यात जवळची मैत्रीण त्याच वर्गात भेटली.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि मावशी आहेच, आजारी पडले तर.”

तिच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. चाळीस वर्षे माणसे पारखण्याचा व्यवसाय करूनही या मुलीबद्दल माझा अंदाज चुकला होता आणि तिचा विचार माझ्यापेक्षा नेमका होता. तिला विचारले नसते तर आम्ही वडीलधाऱ्यांनी तिच्यासाठी प्रेमाने चुकीचे घर निवडले असते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाबाबत सध्या अनिश्चितता आहे. तिचे निघणे निर्विघ्न होवो, ही सदिच्छा. ज्या घरांत यंदा अशी पत्रे आली असतील त्यांनी मुलांना समोर बसवून एकदा विचारावे, “तुला तेथे कसे राहायचे आहे?” उत्तर लगेच येणार नाही. त्यासाठी थांबावे. वीस वर्षांपूर्वी मी एवढे थांबलो असतो, तर त्या लोखंड व्यापाऱ्याच्या मुलाला हे सांगायला लग्नाच्या मांडवापर्यंत वाट पाहावी लागली नसती.